अंगणाखालचें देणें

जमिनीच्या पोटांत काय आहे, असा प्रश्न निघाला कीं आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढें प्रथम हंडा उभा राहतो. कोण्या सावकारानें, किंवा पेंढाऱ्यांच्या भयानें गांव सोडून जाणाऱ्या कोण्या देशमुखानें पुरून ठेवलेला, मोहोरांनीं भरलेला हंडा. त्याच्यावर वेटोळें घालून बसलेला नाग, तो हंडा ओळखणारा पायाळू माणूस, त्याच्या डोळ्यांत घालावयाचें अंजन, अवसेची रात्र, ही सारी सामुग्री लहानपणीं प्रत्येकानें आजीच्या तोंडून ऐकलेली असते. जुन्या वाड्याचा पाया खणतांना कुदळ जरा निराळी वाजली कीं गवंड्यासुद्धां सगळ्यांचे कान टवकारतात. या साऱ्या कथांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी कीं, मागच्या माणसांनीं जें पुरलें तें धन असलें पाहिजे. मागचीं माणसें पुढच्यांसाठीं जमिनींत एखादें देणें पुरून जातील, ही कल्पना आपल्या कथाकारांना कधीं सुचलेली दिसत नाहीं.

मीं सांगलीस चाळीस वर्षें दिवाणी वकिली केली. या धंद्यांत माणसाचा बहुतेक काळ इतरांच्या देण्याघेण्यांत जातो. कर्ज कोणी काढलें, कशासाठीं काढलें, तें कोणाच्या अंगावर येतें आणि किती वर्षांनीं बुडतें, याचा हिशेब करतां करतां केस पांढरे होतात. गेल्या वर्षीं मी व माझी पत्नी सहा महिने अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत, आमच्या कन्येकडे राहावयास गेलों, आणि तेथें देण्याचा एक असा प्रकार मला पाहावयास मिळाला कीं, ज्याला दस्तऐवज नाहीं, सावकार नाहीं आणि साक्षीदारहि नाहीं. एका पोलादी टाकीच्या रूपानें तो माझ्या कन्येच्या स्वयंपाकघरामागच्या हिरवळीखालीं पन्नास वर्षें निजून होता.

न्यू जर्सींत मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. गणेशोत्सवांत किंवा हळदीकुंकवाला चार माणसें जमलीं कीं घरांच्या गोष्टी निघतात. शाळा कशी आहे, न्यूयॉर्कला जाणारी आगगाडी किती दूर आहे, तळघरांत पाणी येतें का, हे प्रश्न झाले कीं जुन्या घराविषयीं आणखी एक प्रश्न जरा हलक्या आवाजांत विचारला जातो : "टाकी आहे का?" मला प्रथम वाटलें, पाण्याची टाकी. सांगलीच्या माणसाला दुसरी कोणती टाकी सुचणार? परंतु विचारणाराच्या चेहऱ्यावरची काळजी पाण्याच्या टाकीची नव्हती. लग्न जुळवितांना घराण्यांत कांहीं आजार आहे का, असें ज्या स्वरांत विचारतात, तो तो स्वर होता.

या टाकीचा इतिहास मनोरंजक आहे. त्या प्रदेशांत हिंवाळा म्हणजे नुसती थंडी नव्हे. घर तापविलें नाहीं तर नळांतलें पाणी गोठून नळ फुटतात. पूर्वीं घरोघर तळघरांत कोळशाची भट्टी असे. पहांटे उठून तींत कोळसा लोटावयाचा आणि राख उपसावयाची, हें यजमानाचें नित्यकर्म. १९२० नंतरच्या काळांत तेलावर आपोआप चालणाऱ्या भट्ट्या घरांत येऊं लागल्या, तेव्हां त्या लोकांना केवढें सुख वाटलें असेल! आपल्याकडे फुंकणी घेऊन चुलीपुढें डोळे चोळीत बसणाऱ्या बायकांना गॅसची शेगडी मिळाली तेव्हां जें वाटलें, तेंच. राख नाहीं, धूर नाहीं, पहांटेचें उठणें नाहीं. प्रश्न एवढाच राहिला कीं, हिंवाळ्याला पुरेल इतकें तेल ठेवावयाचें कोठें? तळघरांत मोठी टाकी ठेवावी तर जागा अडते. उघड्यावर ठेवावी तर अंगणाची शोभा जाते. म्हणून ती जमिनींत पुरली. साध्या पोलादी पत्र्याची, बहुधा ५५० किंवा १,००० गॅलनांची, म्हणजे आपल्या हिशेबानें सुमारें दोन हजार किंवा पावणेचार हजार लिटरांची. जमिनीवर दोन नळ्या तेवढ्या दिसत. एक तेल ओतण्याची आणि दुसरी आंतली हवा बाहेर जाण्याची. या दुसऱ्या नळीला एक शिट्टी जोडलेली असे. तेल आंत जाऊं लागलें कीं हवा बाहेर पडे आणि शिट्टी वाजे. टाकी भरत आली कीं शिट्टी थांबे. तेलवाल्यानें कान देऊन उभें राहावें आणि शिट्टी थांबतांच तोटी बंद करावी. जेथें डोळा पोहोंचत नाहीं तेथें कानावर भागविण्याची ही युक्ति मला फार आवडली.

पुढें दुसरें महायुद्ध आलें. टेक्सासचें तेल ज्या जहाजांतून पूर्व किनाऱ्यास येई तीं जहाजें जर्मन पाणबुड्या बुडवूं लागल्या. १९४२ सालीं त्या भागांत घर तापविण्याच्या तेलाचें नियंत्रण सुरू झालें, आणि लोकांनीं पुन्हां कोळशाकडे वळावें असें सरकार सांगूं लागलें. समुद्राची वाट टाळण्यासाठीं सरकारनें टेक्सासपासून पूर्वेकडे दोन प्रचंड नळ घातले; एकाचा व्यास २४ इंच, दुसऱ्याचा २० इंच. लोकांनीं त्यांना 'बिग इंच' आणि 'लिटल बिग इंच' अशीं लाडकीं नांवें दिलीं. धाकट्या नळाचें टोक न्यू जर्सींतील लिंडन या गांवीं होतें. युद्ध संपल्यावर १९४७ सालीं सरकारनें ते नळ एका खासगी कंपनीला विकले, आणि त्यांतून तेलाऐवजीं नैसर्गिक वायु वाहूं लागला. तेलाची टंचाई घालविण्यासाठीं जे नळ घातले, त्यांनींच तेलाला प्रतिस्पर्धी आणून उभा केला. वायूची नळी दारांत आल्यावर तेलाची टाकी कोणाला हवी? जे मागें राहिले होते त्यांच्यापैकीं पुष्कळांना १९७३ च्या तेलसंकटानें घाई केली. त्या वर्षीं पिंपामागें सुमारें तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव १९७४ च्या आरंभीं बाराच्या घरांत गेला. ही गोष्ट एका न्यू जर्सीचीच नव्हे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकुव्हर शहरीं १९५७ सालीं वायूची नळी पोहोंचली, आणि तेथेंहि घरोघरच्या टाक्या अशाच मातींत विसरल्या गेल्या.

टाकी उकरून काढण्याचें कोणालाच कारण दिसत नव्हतें. नवी भट्टी बसविणारा कारागीर जुन्या तांब्याच्या नळ्या तोडी, त्यांचीं तोंडें चेपून टाकी. वरची नळी कापली जाई आणि तिच्यावर गवत वाढे. टाकीच्या तळाशीं थोडेंफार तेल राहिलेलें असे. गॅलनाला वीस सेंटांच्या आसपास मिळणाऱ्या तेलासाठीं कोण अंगण खणीत बसतो?

परंतु लोखंड जमिनींत स्वस्थ बसत नाहीं. बाहेरून ओली माती त्याला खाते, आणि आंतून पाणी खातें. टाकींतल्या हवेंत जी वाफ असते तिचें थंडीनें पाणी होतें, आणि पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें तें तळाशीं जाऊन बसतें. वरून पाहणाराला तेलच दिसतें. त्याच्याखालचें पाणी आपलें काम गुपचूप करीत असतें. एवढा गंज एका दिवसांत चढत नाहीं. कित्येक टाक्या वीस-पंचवीस वर्षांत फुटतात, कित्येक साठ वर्षें टिकतात. एकदां सुईच्या अग्राएवढें छिद्र पडलें म्हणजे तेल मातींत झिरपूं लागतें, आणि खालीं उतरतां उतरतां भूजलाला लागलें कीं त्याच्यावर तरंगत पसरतें. शेजाऱ्याचें कुंपण कोठें आहे हें त्याला कळत नाहीं.

आमच्या कन्येनें हें घर २००४ सालीं घेतलें. त्या वेळीं जी तपासणी झाली तींत छप्पर पाहिलें, भिंती पाहिल्या, विजेच्या तारा पाहिल्या. अंगण कोणी पाहिलें नाहीं. गेल्या वर्षीं स्वयंपाकघर मागच्या बाजूस दहा फूट वाढविण्याचा बेत ठरला. काम पाहण्यासाठीं आलेला मिस्त्री तळघरांत उतरला आणि एका कोपऱ्यांत भिंतींतून बाहेर आलेल्या दोन बारीक तांब्याच्या नळ्या पाहून थबकला. त्यांचीं तोंडें चेपलेलीं होतीं. "आधीं अंगण तपासून घ्या," एवढेंच तो म्हणाला आणि आपलीं हत्यारें घेऊन गेला.

दोन दिवसांनीं एक तरुण गृहस्थ बाबागाडीसारखें एक यंत्र घेऊन आला. त्या यंत्रांतून लहरी जमिनींत जातात आणि आंत कांहीं निराळी वस्तु असल्यास परत येतात. कुणब्यानें पाभर धरून तास काढावेत, तसा तो हिरवळीवर सरळ रेघांत जाऊं-येऊं लागला. मी व माझी पत्नी मागच्या पायरीवर बसून पाहत होतों. पांचव्या कीं सहाव्या तासाला यंत्राच्या पडद्यावर एक कमान उमटली. "हा यांचा पायाळू," मी पत्नीला म्हटलें. ती म्हणाली, "पण याला हंडा सांपडला म्हणून कोणी पेढे वांटीत नाहींत." तिच्या बोलण्याकडे वळून पाहिलें तों कन्येचा चेहरा पार उतरलेला दिसला.

नगरपालिकेचा परवाना आला, खणणारें यंत्र आलें, आणि टाकी वर निघाली. ५५० गॅलनांची. आंतील गाळ व उरलेलें तेल पंपानें उपसून घेतल्यावर ती कापली, आणि तिच्यांत दिवा धरला तेव्हां तळाला तीन ठिकाणीं उजेडाचे ठिपके दिसले. खालच्या मातीला रॉकेलाच्या दुकानासारखा वास येत होता. ती माती ट्रकांत भरून नेली, पुन्हां खणलें, पुन्हां नमुने घेतले. भूजलापर्यंत तेल गेलें नव्हतें, हें भाग्य. टाकी शाबूत निघती तर कांहीं हजार डॉलरांत भागलें असतें. आतां सारा खर्च तीस हजार डॉलरांच्या आसपास गेला. ती रक्कम थोरल्या नातवाच्या कॉलेजसाठीं बाजूला ठेवलेली होती. स्वयंपाकघर अर्थातच वाढलें नाहीं.

आतां कायद्याकडे वळतों. अमेरिकन काँग्रेसनें १९८४ सालीं जमिनींतल्या टाक्यांविषयीं कायदा केला, आणि पुढें पेट्रोलपंपांना वगैरे आपल्या जुन्या टाक्या सुधारण्यास किंवा बंद करण्यास डिसेंबर १९९८ ची मुदत मिळाली. परंतु जागच्या जागीं घर तापविण्यासाठीं साठविलेल्या तेलाच्या टाक्या त्या कायद्यांतून वगळल्या होत्या. घरगुती टाक्यांचा प्रश्न राज्यांच्या कायद्यावर राहिला. न्यू जर्सीचा यासंबंधींचा कायदा १९७६ सालचा आहे आणि तो फार कडक आहे. कोणाची चूक होती कीं नव्हती, याची तो चौकशी करीत नाहीं. तेल मातींत गेलें, तें निघालें पाहिजे. आणि आज ज्याच्या नांवावर जमीन आहे त्याच्या दारीं सरकार प्रथम येऊन उभें राहतें. त्यानें सफाई करावी, आणि मग मागच्या जबाबदार माणसांकडून त्यांचा त्यांचा हिस्सा मागावयाचा असल्यास मागावा.

आपल्याकडे कर्जदाराला कायद्याचे तीन आधार असत. एक मुदतीचा : उसन्या पैशाचा दावा तीन वर्षांत आणला नाहीं तर कोर्ट तो ऐकत नाहीं. दुसरा दामदुपटीचा : व्याज कितीहि चढलें तरी एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक मागतां येत नाहीं, हा हिंदु कायद्याचा जुना नियम मुंबई इलाख्यांतील कोर्टांनीं मानला. आणि तिसरा असा कीं, बापाचें कर्ज फेडणें हा मुलाचा धर्म खरा, परंतु बापानें तें दारूसाठीं किंवा जुगारासाठीं काढलें असेल तर मुलावर त्याचा बोजा नाहीं. अशा कर्जाला शास्त्रकार 'अव्यावहारिक' म्हणतात. माझें निम्मे आयुष्य या तीन आधारांवर युक्तिवाद करण्यांत गेलें. टाकीच्या देण्याला मीं ते एक एक करून लावून पाहिले. मुदतीचें म्हणाल तर न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं असा निर्णय दिला कीं, अशा हिश्श्याच्या दाव्याला मुदतीचें बंधन नाहीं. दामदुपटीचें म्हणाल तर टाकींत उरलेलें तेल फार तर शंभर गॅलन, म्हणजे त्या काळच्या भावानें वीस डॉलरांचें; त्याचे तीस हजार झाले. आमच्या भागांतल्या कोणत्याहि सावकाराला हें व्याज स्वप्नांत सुचलें नसतें. आणि तिसरा आधार तर मुळींच लागत नाहीं. कारण मुलाबाळांना हिंवाळ्यांत ऊब मिळावी म्हणून केलेल्या खर्चाला अव्यावहारिक कोण म्हणेल?

दावा लावावयाचा तर तो कोणावर, हें उघड होतें. ज्या दंपतीनें हें घर विकलें तें तेथें १९६२ पासून राहत होतें. यजमान वारले होते. त्यांची पत्नी, वय नव्वद, शेजारच्या गांवीं वृद्धांच्या निवासांत राहत होती, आणि घर विकून आलेल्या पैशावरच तिचें चाललें होतें. जांवईबापूंनीं तेथल्या वकिलाला विचारलें. त्यानें दावा चांगला असल्याचें सांगितलें. त्यांनीं मला विचारलें, "बाबा, तुमचें काय मत?" मीहि दावा चांगला असल्याचें सांगितलें. वकिलाला दुसरें काय सांगतां येतें?

"मग झालें तर," ते म्हणाले. "बारा वर्षें त्यांनीं त्या तेलाची ऊब घेतली. मीं त्यांतला एक थेंबहि जाळला नाहीं. ऊब त्यांची आणि राख माझी, हा कुठला न्याय?"

या प्रश्नाला मजपाशीं चटकन् उत्तर नव्हतें, आणि आजहि पुरतें आहे असें मी म्हणत नाहीं.

कन्येचा त्या बाईशीं नाताळच्या शुभेच्छांपुरता संबंध राहिलेला होता. वकिलाची नोटीस जाण्यापूर्वीं आपण तिला स्वतः सांगितलें पाहिजे, असें तिच्या मनानें घेतलें. आम्ही तिघें गेलों. बाई लहानखुरी, कानानें जरा जड, बोलण्यांत मात्र ठणठणीत. कन्येनें आडपडदा न ठेवतां टाकी सांपडल्याचें सांगितलें. बाईचा चेहरा एकदम उजळला. "ती शिट्टी!" ती म्हणाली. तेलाची गाडी आली कीं तिचा धाकटा मुलगा खिडकींत उभा राहून त्या शिट्टीची नक्कल करी, आणि तेलवाला फसून तोटी बंद करावयास धांवे. मग तिनें आठवून आठवून सांगितलें. भाव भडकले त्या वर्षीं यजमानांनीं वायूची भट्टी बसविली. टाकीचें काय, असें तिनें विचारलें होतें, आणि यजमान म्हणाले होते कीं, बसविणारा माणूस सांगतो, तिला कांहीं करावें लागत नाहीं, ती आपली राहील तेथें. तिच्यावर तिनें गुलाब लावले. "गुलाब मेले का?" तिनें विचारलें. आणि मग, बऱ्याच वेळानें, निराळ्याच आवाजांत : "मला कांहीं द्यावें लागेल का?"

कन्या म्हणाली, "नाहीं."

त्या एका शब्दावरून त्या रात्रीं घरांत जें बोलणें झालें तें मी येथें सगळें लिहीत नाहीं. जांवईबापूंचें म्हणणें असें कीं, त्या पैशांत निम्मा वांटा त्यांचा होता आणि त्यांना न विचारतां तो सोडून देण्याचा अधिकार कोणाला नव्हता. तें अगदीं बरोबर होतें. कन्येचें म्हणणें असें कीं, तो प्रश्न ऐकल्यावर दुसरें उत्तर तोंडांतून निघणेंच शक्य नव्हतें. आणि तेंहि मला बरोबर वाटलें. नातू जिन्यांत बसून ऐकत होता. भांडण त्याच्या शिक्षणाच्या पैशावरून चाललें आहे, हें त्याला कळत होतें.

मी मात्र त्या रात्रीं पितृऋणाचा विचार करीत पडून राहिलों. मुलानें बापाचें कर्ज कां फेडावें? धर्मशास्त्र सांगतें, बापाला परलोकीं सद्गति मिळावी म्हणून. व्यवहार सांगतो, बापाची इस्टेट मुलानें घेतली म्हणून. आपल्याकडे २००५ सालच्या कायद्यानें तें धार्मिक बंधन काढून टाकलें. आतां केवळ पुत्र आहे एवढ्यावरून सावकाराला मुलामागें लागतां येत नाहीं. आणि तिकडे न्यू जर्सींत रक्ताचा कसलाहि संबंध नसलेल्या माणसाला आपल्या अगोदरच्या गृहस्थाचें देणें फेडावें लागतें, कारण तो त्याच्या घरांत राहतो. तेथें घरच वारसा ठरवितें. माझ्या जांवयाला कधीं न पाहिलेला बाप मिळाला, आणि तोहि कर्जबाजारी!

परंतु ऊब त्यांची आणि राख माझी, हा हिशेब पुरा आहे का? त्या घराच्या लांकडी जमिनी ऐंशी-नव्वद वर्षांनंतरहि सरळ आहेत, भिंतींतले नळ फुटलेले नाहींत, दारें नीट लागतात. तें घर एकहि हिंवाळा थंड पडूं दिलें नाहीं म्हणून तें २००४ सालीं विकत घेण्याजोगें उरलें होतें. जांवईबापूंनीं तें तेल जाळलें नाहीं खरें. पण त्या तेलानें जें राखलें त्यांतच ते राहतात. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं मीं हें त्यांना सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "बाबा, त्यासाठीं मीं घराची किंमत मोजली होती." कोर्टांत असतों तर मीं येथें खालीं बसलों असतों.

आठ दिवसांनीं त्यांनीं वकिलाला नको म्हणून कळविलें. मला म्हणाले, "तुमच्या युक्तिवादामुळें नव्हे हं. त्या बाईंच्या औषधाचे पैसे घेऊन मुलाला कॉलेजांत घालणें मला जमणार नाहीं, एवढेंच. देणें त्यांचेंच होतें, हें माझें मत कायम आहे." हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपला हक्क नाहीं असें म्हणून तो सोडणें सोपें असतें. हक्क आहे हें पक्कें माहीत असून सोडणें कठीण. नातू आतां घरापासून जवळच्या, कमी खर्चाच्या कॉलेजांत जाणार आहे.

या प्रकरणांत खोटें कोणी बोललें नव्हतें. टाकी पुरणाऱ्यानें अंगण सुंदर ठेवलें. भट्टी बदलणाऱ्यानें त्या काळच्या रीतीप्रमाणें काम केलें. यजमानांनीं जाणत्याचें ऐकलें. बाईनें गुलाब लावले. पुरण्यांत पाप नव्हतें. आपल्याकडेहि पुरीत असत. सांगलीजवळ हरिपूरला जमिनींतल्या पेंवांत हळद सांठवीत. २००५ च्या महापुरांत पाणी शिरून त्या पेंवांची वाताहत झाली, तोंपर्यंत तो व्यवहार मीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे. पण पेंवाला मालक असे, त्याचें तोंड कोठें आहे हें गांवाला ठाऊक असे, आणि तें उघडल्यावर आंतला कोंडलेला वायु जाईपर्यंत उतरूं नये, हें पोरासोरांना शिकविलेलें असे. धोका पेंवांतहि होता. पण त्या धोक्याची आठवण पिढीकडून पिढीकडे जात असे. टाकीची आठवण मात्र एका घरांतून दुसऱ्या घरांत जातांना वाटेंत गळून पडली. तेल मातींत जाण्याच्या आधीं केव्हां तरी ती आठवण गेली होती.

म्हणूनच मला वाटतें, कोणी कोणाच्या हातीं घर देतो तेव्हां जमीन स्वच्छ देणें त्याच्या शक्तींत नसलें, तरी खरें सांगणें त्याच्या शक्तींत असतें. आपण खरेदीखतांत चतुःसीमा लिहितों : पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस ओढा, उत्तरेस तमक्याची भिंत. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून रकाना असतो आणि त्यांत कर्जाचा बोजा चढवितात. खालच्या बाजूला काय आहे, हें मात्र कोणी लिहीत नाहीं. वास्तुशांतीच्या वेळीं आपण आग्नेय कोपऱ्यांत वास्तुपुरुष पुरतों आणि तो सदा तथास्तु म्हणतो असें मानतों. त्याच्या शेजारीं आणखी काय पुरलें आहे, हेंहि कोठें तरी लिहून ठेवण्याची रीत पडावयास हवी.

आम्ही निघण्यापूर्वीं राज्याच्या पर्यावरण खात्याचें पत्र आलें. या जागेसंबंधानें पुढें कांहीं करण्याची आवश्यकता नाहीं, एवढाच त्याचा मतलब. त्या पत्राला जोडण्यासाठीं मीं एका कागदावर अंगणाचा नकाशा काढला : घराच्या मागच्या कोपऱ्यापासून किती फुटांवर टाकी होती, किती खोल होती, केव्हां काढली, माती कोठवर खणली. मजकूर इंग्रजींत लिहिला, कारण पुढचा मालक मराठी असेलच असें नाहीं. जांवईबापूंनीं तो खरेदीखताच्या पाकिटांत ठेवला.

सांगलीस परत आल्यावर मीं आणखी एक नकाशा काढला. आमच्या वाड्याच्या परसांत एक पेंव आहे. आजोबांनीं तें केव्हां तरी राबिट टाकून बुजविलें. वडिलांनीं मला लहानपणीं त्या जागेवर उभें करून, "येथें कधीं भिंत घालूं नकोस, खचेल," असें सांगितलें होतें. मला एकुलती एक कन्या, ती समुद्रापलीकडे. त्या जागेवर कोणाला उभें करून सांगावयाचें? तेव्हां विहिरीच्या काठापासून पावलांनीं अंतर मोजलें, आणि वाड्याच्या कागदांत, चतुःसीमांच्या खालीं, तें लिहून ठेवलें.